उन्हाळ्यात निजणारी बाग

मे महिन्यात शेलूबाजारला आलेल्या पाहुण्याला इथं मोठ्या पानांची, गर्द सावलीतली बाग होऊ शकते असं सांगितलं तर ते त्याला पटणार नाही. समृद्धी महामार्गानं नागपूरकडून येताना कारंजा मागं पडलं की शेलूबाजारचा इंटरचेंज लागतो. तिथून खाली उतरल्यावर दोन्ही अंगांना नांगरून तापत टाकलेली वावरं दिसतात. अकोल्याच्या रस्त्यानं महानकडे निघालं तर काटेपूर्णा अभयारण्यातला साग उघडाबोडका उभा असतो. हिरवं काय ते कडूनिंब आणि चिंच. दोन्ही झाडांची पानं बोटभर दांड्यांवर बारीक कापलेली.

त्याच पाहुण्यानं ऑगस्टात यावं. त्याच सागाला आता वीतभरच काय, हातभर लांबीची पानं आलेली असतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर धोपा कमरेएवढा झालेला असतो. हळदीच्या वाफ्यात माती दिसत नाही. ही सगळी पानं मे महिन्यातही इथंच होती, फक्त जमिनीखाली किंवा डहाळीच्या डोळ्यांत. वऱ्हाडात मोठं पान जगतं ते उन्हाळा टाळून. सावलीची बाग करायची असेल तर हे आधी मान्य करावं लागतं, आणि अनेक हौशी बागा नेमक्या इथंच फसतात.

हा विषय अलीकडे वारंवार निघतो, त्याला एक परदेशी झाड कारण आहे. त्याचं नाव होस्टा. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या आसपास राहणाऱ्या नातलगांच्या अंगणाचे फोटो येतात. त्यांत मोठ्या झाडाखाली निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाच्या रुंद पानांचे घेर दिसतात. ‘एम्प्रेस वू’ नावाचा वाण पूर्ण वाढला की माणसाच्या छातीपर्यंत येतो, त्याचा घेर पाच-सहा फुटांचा होतो आणि एकेक पान दीड फुटापर्यंत जातं. ‘सम अँड सबस्टन्स’ हा पिवळट पोपटी वाणही तसाच धिप्पाड. ते पाहिल्यावर आपल्या निंबाखालची मोकळी, धुळीची जागा डोळ्यांत खुपू लागते आणि हे झाड इथं लागेल का, असा प्रश्न पडतो.

शेलूबाजारच्या जमिनीत तो लागणार नाही. कारण उकाडा असेल असं वाटतं, पण खरी अडचण हिवाळ्याची आहे. होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनमधला. थंडी पडली की तो वरची सगळी पानं टाकतो आणि जमिनीखालच्या खोडात जाऊन निजतो. किमान सहा आठवडे पारा चार-पाच अंशांच्या आसपास राहिला तरच त्याची ती झोप पुरी होते आणि वसंतात जोमदार कोंभ येतात. वाशिमच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस होतो. एवढ्यानं होस्टा निजत नाही. झोप नाही मिळाली की दरवर्षी त्याची पानं लहान होत जातात आणि शेवटी तो संपतो. कुंडी फ्रिजमध्ये ठेवून त्याला खोटा हिवाळा देण्याची युक्ती गरम प्रदेशातले काही शौकीन करतात. घरातल्या फ्रिजमध्ये दोन महिने मातीची कुंडी ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘रंगीत होस्टाच्या बियां’वर तर पैसेच घालू नयेत, होस्टाचे नावाजलेले वाण बियांपासून आईसारखे येत नाहीत, ते गड्डा फोडून वाढवावे लागतात.

तरीही या झाडाची हकिकत आपल्या कामाची आहे. १८१२ साली लिओपोल्ड ट्रॅटिनिक यानं निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून या वंशाला नाव दिलं. पुढे फिलिप फॉन सिबोल्ड यानं जपानमधून जिवंत रोपं युरोपात नेली. त्याच्याच नावाच्या प्रजातीतून जर्मनीत गेऑर्ग आरेन्ड्स यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘एलेगन्स’ हा निळ्या पानाचा वाण पुढं आणला. अमेरिकेत १९६८ मध्ये होस्टा सोसायटी निघाली. एका रानझाडाचे असे हजारो वाण झाले, त्यांना नावं मिळाली, नोंदी झाल्या. जपानमध्ये मात्र आजही होस्टाचे कोवळे कोंभ ‘उरुई’ म्हणून रानभाजीसारखे खातात. पाश्चात्त्य बागेत जे शोभेचं, ते मूळ गावी ताटातलं. आपल्याकडे ताटातली मोठी पानं भरपूर आहेत. त्यांच्याकडे शोभेच्या नजरेनं पाहायचं तेवढं आपलं राहून गेलं.

होस्टाच्या कुळाचा एक सदस्य तर वऱ्हाडातच पिकतो. सफेद मुसळी आणि होस्टा दोघांचं कुळ शतावरीचं. मुसळीच्या ज्या जातीची लागवड होते ती फादर सांतापाव यांनी आपल्या सहकाऱ्यासह मुंबईच्या बोरिवलीच्या नावानं शास्त्रात नोंदवली. अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात ती शेतात लावतात. पावसाळ्यात पानं, पावसाळा सरला की पानं गळून जमिनीखाली फक्त मुळ्या. होस्टा बर्फात निजतो, मुसळी कोरड्यात.

मोठ्या पानाला सावलीच का लागते, हेही इथं समजून घ्यायला हवं. सावलीत उजेड थोडा, म्हणून तो गोळा करायला पान पसरट हवं, हे कुणालाही कळतं. दुसरी बाजू उष्णतेची आहे. पानाला लगटून हवेचा एक स्थिर थर असतो. पान जितकं रुंद, तितका तो थर जाड, आणि तितकी आतली उष्णता बाहेर पडायला उशीर. बारीक पान वाऱ्याच्या झुळकीनं निवतं. रुंद पानाला निवायला पाणी वाफ करून टाकावं लागतं, आणि पाणी नसेल तर ते करपतं. निंब, बाभूळ, चिंच यांची पानं बारीक का, याचं उत्तर यात आहे. २०१७ मध्ये इयान राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या ७,६७० वनस्पतींच्या पानांचा आकार हवामानाशी ताडून पाहिला. पान किती मोठं होऊ शकतं हे दिवसाच्या तापण्यावर ठरतं तसंच रात्रीच्या गारठ्यावरही ठरतं, असं त्यांना दिसलं. उष्ण प्रदेशात भरपूर पाऊस असेल तर मोठं पान चालतं. उष्ण आणि कोरड्यात नाही.

शेलूबाजारला या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात मिळतात. जून ते सप्टेंबर इथली हवा मोठ्या पानाला मानवते. मार्च ते मे ती त्याला जाळते. म्हणून इथल्या बागेचं पंचांग उत्तरेकडच्या पुस्तकांतल्या पंचांगाच्या उलटं चालतं.

आता झाडांकडे येऊ. पहिला मान धोप्याचा. बाकीचा महाराष्ट्र ज्याला अळू म्हणतो ते हेच. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या दिवसांत धोप्याच्या वड्या ज्या घरी होत नाहीत असं घर विरळा. न्हाणीच्या मोरीपाशी, पाणी जिथं वाहून जातं तिथं, तो वर्षानुवर्षं असतो; कुणी त्याला बाग म्हणत नाही. पण रूपात तो कोणत्याही होस्टाला उणा नाही. पान बदामाच्या आकाराचं, वरून मेणाच्या सूक्ष्म कणांनी मखमली. पावसाचा थेंब त्यावर टिकत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो आणि धूळ घेऊन जातो. निळ्या होस्टाची निळाईही अशाच मेणाची असते, आणि भर उन्हात ती उडून जाते. धोप्याला सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर पानं मोठी, कोवळी आणि गडद येतात. दिवसभर उन्हात तोच धोपा पाणी असलं तरी पिवळट आणि बुटका राहतो. काळ्या देठाचा धोपा वडीला, हिरवा भाजीला अशी घराघरांत निवड असते. सावलीच्या वाफ्यात मी काळा मागं आणि हिरवा पुढं लावायला सांगेन. मागची जांभळी छाया पुढच्या हिरव्याला उठाव देते.

खाताना घशाला खाजवतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. चिंचेचा कोळ आणि पुरतं शिजवणं, हा घरातला उपाय योग्यच आहे. एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. नर्सरीत अलोकेशिया, कॅलेडियम, डायफेनबेकिया अशी धोप्यासारखी दिसणारी शोभेची झाडं मिळतात. ती खायची नाहीत. सावलीच्या वाफ्यात ती शोभतात, पण धोप्याच्या शेजारी लावू नयेत. घरात नवीन आलेलं माणूस किंवा लहान पोर वडीसाठी पान तोडायला गेलं की घोटाळा होतो. ज्याच्या घरी खाऊन माहीत आहे, त्याच्याकडूनच धोप्याचा गड्डा आणावा.

दुसरी हळद. वाशिम आणि शेजारच्या हिंगोलीत हळदीचं क्षेत्र मोठं आहे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला ते त्याआधीच मिळालं होतं. शेतकरी तिच्याकडे क्विंटलात पाहतो, आणि ते रास्त आहे. पण हळदीला विरळ सावली चालते, हे तिच्या लागवडीतच दिसतं. वाफ्याच्या कडेनं एरंडी लावण्याची रीत जुनी आहे. परसात पाच-दहा गड्डे निंबाच्या छायेच्या काठावर लावले तर सप्टेंबरात तीन फुटी पानांचा झुपका तयार होतो, आणि पानांच्या मधोमध फिकट पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांचं कणीस येतं. ते फूल गावातल्या कित्येकांनी लक्ष देऊन पाहिलेलं नसतं, कारण ते पानांच्या आत दडलेलं असतं. कोकणात याच पानात पातोळ्या वाफवतात. आपल्याकडे ही पानं शेवटी बेण्यावर झाकायला जातात.

तिसरं सुरण, आणि माझ्या मते सावलीच्या बागेतलं सर्वांत विलक्षण झाड. एका गड्ड्यातून बहुधा एका हंगामात एकच पान येतं. जे खोड वाटतं, ठिपक्यांचं, मनगटाएवढं, ते त्या पानाचं देठ आहे. वर छत्रीसारखं उघडतं ते सगळं मिळून एक पान. हंगाम संपला की पान आडवं होतं, जुना गड्डा झिजून त्याच्या जागी नवा, मोठा गड्डा बसलेला असतो. चांगल्या जुन्या गड्ड्याला पावसाच्या तोंडावर पानाआधी फूल येतं, जांभळं, सुरकुतलेलं, सडक्या मांसाच्या वासाचं. तो वास माश्यांना बोलावण्यासाठी असतो आणि थोडक्यात सरतो. घाबरून गड्डा उपटून फेकू नये. खाण्यासाठी ‘गजेंद्र’ हा कमी खाजरा वाण घ्यावा.

यांच्या जोडीला ओल टिकणाऱ्या कोपऱ्यात सोनटक्का, भिंतीलगत कर्दळ, आणि निंबाच्या खोडावर चढवलेला मनीप्लांट. कुंडीत तळहाताएवढी पानं देणारा मनीप्लांट खोडावर चढला की सुपाएवढी देतो. बस एवढंच. रोपवाटिकेत दिसेल ते आणून भरलेला वाफा पहिल्या उन्हाळ्यात निम्मा जातो.

सावली कुठली निवडायची, यात पुस्तकं आपल्याला चकवतात. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं सांगतात, घराची उत्तर बाजू म्हणजे पूर्ण सावली. शेलूबाजार विषुववृत्तापासून साधारण वीस अंश उत्तरेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो आणि पुढं जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर नेमकं मे-जूनमध्ये ऊन येतं, सकाळ-संध्याकाळ तर तिरपं आत शिरतं. मेमध्ये आपली झाडं जमिनीखाली असतात, जुलैत आभाळ असतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण जूनमध्ये पाऊस लांबला तर उत्तरेच्या वाफ्यातले कोवळे कोंभ भाजतात. तेवढ्या पंधरवड्यासाठी तुराट्यांचा किंवा हिरव्या नेटचा आडोसा करावा. सर्वांत चांगली घराची पूर्व बाजू. पश्चिमेचं मावळतीचं ऊन कुठल्याही रुंद पानाचं वैरी आहे.

झाडाखालची सावली घ्यायची तर कोणतं झाड, हाही प्रश्न आहे. निंबाखाली उजेड गाळून येतो, ते उत्तम, पण त्याच्या मुळ्या वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात. तिथं खोडापासून चार-पाच फूट सोडून वाफा करावा, मुळ्या तोडत बसू नये, वर माती-खताचा थर चढवावा. चिंचेखाली प्रयत्न न केलेलाच बरा. सावली फार दाट आणि खालची जमीन कोरडी. शेवगा, सीताफळ, हादगा यांची विरळ छाया हळद-धोप्याला जमते.

संत्र्याबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे, कारण मंगरूळपीर-कारंजा भागात ज्याच्याकडे बाग आहे त्याला पहिला विचार तोच सुचेल. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या उथळ असतात आणि खोडाशी सतत ओल राहिली की डिंक्या बळावतो. धोप्यासारखं तहानलेलं झाड त्याच्या बुडाशी लावणं म्हणजे रोगाला आमंत्रण. शिवाय बहारासाठी ताण द्यायचा असतो. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा हळदीचा कंद अजून भरत असतो. दोघांचं पाणी जुळत नाही. संत्र्याची सावली संत्र्यालाच राहू द्यावी.

जमीन आपली भारी काळी. पावसात चिकट आणि तुंबणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांची. गड्ड्यांना दोन्ही घातक. तुंबलं की कंदकुज, भेगा पडल्या की कंद कोरडा. जमिनीच्या वर वीतभर उंचीचा वाफा करून त्यात काळी माती, मुरूम आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळलं की दोन्ही टळतं. वर निंबाचा, सागाचा, जो मिळेल तो पालापाचोळा चार बोटं पसरावा. झाडलोट करून अंगण स्वच्छ ठेवण्याचं आपलं वळण इथं सोडावं लागतं. पाचोळा जाळणाऱ्याला सावलीची बाग मिळत नाही, असं मी ठामपणे म्हणेन. काही विहिरी-बोअरचं पाणी चुनखडीचं असतं. त्यानं हळदीची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोहाची ही कमतरता शेणखतानं आणि पावसाचं पाणी साठवून दिल्यानं बरीच निवळते. न्हाणीचं पाणी द्यायचं तर थेट गड्ड्यावर सोडू नये, चारी काढून द्यावं, आणि कपड्याच्या सोड्याचं पाणी वेगळं काढावं.

ओल आणि पाचोळा आला की गोगलगाय येते. होस्टा वाढवणाऱ्यांची जगभर पहिली तक्रार हीच असते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, ते अनेकांना आठवत असेल. परसात औषधाची गरज पडत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्यात अंथरावं, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा काडीनं गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे पहिल्या पावसानंतर लगेच सुरू करायला हवं, पानांना भोकं पडल्यावर नाही.

आपल्याकडे सावली रचण्याची विद्या नवी नाही, हे वऱ्हाडाला सांगावं लागू नये. बारी समाजाचे पानमळे हा त्याचा पुरावा आहे. नागवेल मुळात ओलसर जंगलातली वेल, पान रुंद आणि नाजूक. तिला अकोट-अंजनगावच्या तापत्या मैदानात वाढवायचं म्हणजे शेवरी, पांगारा, हादगा यांची दाटी लावून आत वेगळी हवा तयार करायची, बाहेरून वारा अडवायचा, थोडं-थोडं पाणी वारंवार द्यायचं. त्याच कौशल्यावर तिथं पानपिंपळीही पिकली. रामटेकच्या कपुरी पानालाही असंच नाव होतं. पानमळ्याला बाराही महिने पाणी आणि माणसाचा हात लागतो. ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी उन्हाळाही पार केला. परसातल्या बागेकडून तशी अपेक्षा ठेवू नये. घरी प्यायच्या पाण्याची ओढ असताना मे महिन्यात धोपा हिरवा ठेवण्याचा अट्टहास मला पटत नाही.

दूरच्या मराठी घरांत हेच उलट्या बाजूनं चालतं. अमेरिकेतल्या थंड राज्यांत धोपा आणि हळद कुंडीत लावणारी घरं पुष्कळ आहेत. ऑक्टोबरात पहिलं हिव पडायच्या आत गड्डे काढून तळघरात ठेवायचे, वसंतात पुन्हा लावायचे. बाहेर अंगणातला होस्टा मात्र बर्फाखाली निवांत राहतो. तिथं आपल्या झाडाला घरात निजवावं लागतं, त्यांचं झाड बाहेर निजतं. इथं आपल्या झाडाला काहीच करावं लागत नाही, जमीन कोरडी ठेवली की झालं.

पावसाळा सरताना धोप्याची पानं अजून तोडण्याजोगी असतात आणि हळद पूर्ण भरात असते. जानेवारीच्या आसपास हळदीची पानं पिवळी पडून वाळू लागतात. त्याला रोग समजून पाणी वाढवू नका. काढणीआधी महिनाभर पाणी तोडायचंच असतं. काढलेल्यांतले जेठे गड्डे वेगळे करून सावलीत ढीग लावा, वर हळदीचाच वाळला पाला झाका. सुरणाचा गड्डा कोरड्या वाळूत ठेवा. धोपा जागेवरच राहू द्या, वरून पाचोळा घाला. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनी झाडं वर दिसत आहेत तोवरच शेजाऱ्याकडे बेणं मागून ठेवावं. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत लावायला वेळ आहे. आणि मार्चनंतर वाफा ओसाड दिसेल, त्यावर कुणी गिट्टीचा ढीग टाकू नये किंवा खड्डा खणू नये, म्हणून चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून ठेवा.